ऋतू तशी पैज: आमच्या साताऱ्याच्या घराला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नातेवाईकांच्या ग्रुपवर, सोसायटीच्या जिन्यात आणि मुलांच्या शाळेच्या फाटकाबाहेर तेच तेच प्रश्न येतात. तुम्ही लोक दर रविवारी जाता कुठे, आजींना कसं जमतं, पोरं कशी तयार होतात? प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून काढलं. लिहिणारी मी, म्हणजे घरातली सून. माहेर सांगलीचं, त्यामुळे डोंगराचं कौतुक मला साताऱ्यात जन्मलेल्यांपेक्षा जरा जास्तच आहे.

ही 'पैज' म्हणजे नक्की काय?

दर ऋतूत घरातला प्रत्येक जण स्वतःशी एक पैज लावतो आणि ती स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलेल्या तक्त्यावर लिहितो. ऋतू संपताना घरचे सगळे मिळून एक सहल काढतो. पैज अशी लावायची की ती पुरी झाली, तर त्या सहलीला माणूस धापा न टाकता मजा करेल. एवढंच. वासोट्याच्या किल्ल्यावर जायचं असेल तर त्याआधीची पैज चढाची, आणि नदीकाठी सुट्टी काढायची असेल तर पोहण्याची.

व्यायाम वेगळा आणि मजा वेगळी ठेवली की व्यायाम मागे पडतो, हे सगळ्या घरांत दिसतं. सहलीची तारीख आधी ठरली की सकाळी कुणाला उठवावं लागत नाही. निदान फार उठवावं लागत नाही.

१ जानेवारीपासून सुरू करता का?

नाही. आमचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं. पाऊस सरलेला असतो, वाटा वाळायला लागलेल्या असतात, हवा मोकळी झालेली असते आणि वार्षिक परीक्षेचा धसका अजून दूर असतो. एक जानेवारीला साताऱ्यात सकाळी रजईतून पाय बाहेर काढायलाच धैर्य लागतं. त्या दिवशी नवा संकल्प सोडणं म्हणजे मोडण्यासाठीच सोडणं.

सगळ्यांना एकच आकडा का देत नाही? मग जिंकलं कोण ते कसं कळणार?

कळत नाही, आणि तेच बरं आहे. दहावीतला मुलगा, चौथीतली मुलगी, दिवसभर खुर्चीत बसणारा बाप आणि गुडघे दुखणारी आजी यांना एका रांगेत उभं केलं, तर मुलगा दर वेळी जिंकणार आणि आजी तिसऱ्या दिवशी पारायणाचं निमित्त काढणार. म्हणून प्रत्येकाची तुलना त्याच्याच मागच्या आकड्याशी होते. तक्त्यावर दोनच रकाने आहेत, 'गेल्या वेळी' आणि 'या वेळी'.

पहिल्यांदा आकडा ठरवताना एक करा. आज न थकता जेवढं होतं, त्याच्या जरासंच पुढचं लिहा. पहिल्या आठवड्यात अंगात फार उत्साह असतो, तेव्हा लिहिलेला आकडा खरा मानू नका. आमच्याकडे तो पेन्सिलनं लिहितात आणि दुसऱ्या रविवारी त्यावर पेन फिरवतात.

रोज किती वेळ द्यावा लागतो?

जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं असं आहे की मोठ्यांनी आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं दम लागेल असं काहीतरी करावं आणि ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी तासभर हालचाल करावी. मुलांचा तास पकडापकडी, सायकल, लंगडी, खो-खो यातच निघून जातो, त्यासाठी वेगळा वर्ग लावायची गरज नाही. दीडशे मिनिटं म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा अर्धा तास. मोठ्यांची अडचण वेळेची नसते, संध्याकाळी सोफ्यावर एकदा बसलं की उठण्याची असते. म्हणून आमची वेळ सकाळची.

हिवाळ्यात काय करता?

सूर्यनमस्कार. मार्गशीर्षात सुरू करायचे आणि रथसप्तमीला, म्हणजे माघ शुद्ध सप्तमीला, पैज पूर्ण करायची. याला आमच्या जिल्ह्यात एक अभिमानाची किनार आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः नेमानं नमस्कार घालत आणि संस्थानातल्या शाळांमध्ये त्यांनी ते रुजवले. औंध आपल्याच खटाव तालुक्यात आहे. त्यामुळे रथसप्तमीच्या आसपासच्या रविवारी आमची सहल ठरलेली असते: औंधच्या डोंगरावर यमाईचं दर्शन, आणि त्याच डोंगरावरचं पंतप्रतिनिधींनी उभारलेलं संग्रहालय. मुलांना चित्रं बघण्यात किती रस असेल अशी शंका मला होती, पण धाकटी मोठमोठ्या चित्रांसमोरून हलायला तयार नसते. मोठा मात्र पायऱ्या मोजतो आणि दर वेळी वेगळा आकडा सांगतो.

आता नमस्कार कसे घालायचे ते. बारा नावांचे बारा नमस्कार, 'ॐ मित्राय नमः'पासून, हे एक आवर्तन. नवख्यानं पहिल्या आठवड्यात एकाच आवर्तनावर थांबावं. घाई केली की कंबर खाली पडते आणि सगळा भार मनगटांवर येतो, मग आठवडाभर पोळ्या लाटताना मनगट बोलतं. वाकताना श्वास सोडा, छाती उघडताना घ्या. एवढं जमलं की बाकीचं आपोआप बसतं. आबा, म्हणजे मुलांचे आजोबा, खुर्चीला धरून अर्धा नमस्कार घालतात आणि तक्त्यावर तो पूर्ण लिहितात. त्यावर घरात एकदा मोठी चर्चा झाली होती. निकाल आबांच्या बाजूनं लागला.

थंडीचे बाकीचे लाड वेगळे सांगायला नकोतच. माण-खटावकडे कुणाचं शेत असेल तर हुरडा. महाबळेश्वर-पाचगणीला स्ट्रॉबेरी, जिला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. एक सूचना: महाबळेश्वरला नाताळच्या आठवड्यात जाऊ नका. सुट्टीचा निम्मा दिवस पसरणीच्या घाटात गाडीत जातो. जानेवारीतला एखादा मंगळवार मिळाला तर बघा, गाव तुमचंच असतं.

अजिंक्यताऱ्याचं एवढं काय? तिथे तर गाडी वरपर्यंत जाते.

जाते, आणि म्हणूनच तो घरच्या सगळ्यांसाठी सोयीचा आहे. ज्याला जमेल त्यानं चालावं, ज्याला नाही त्यानं गाडीनं दरवाजापर्यंत यावं, मग वर सगळे एकत्र. औरंगजेबानं १७०० साली हा किल्ला घेतला आणि त्याचं नाव आझमतारा ठेवलं. पुढे ताराराणींच्या सैन्यानं तो परत मिळवला आणि तो अजिंक्यतारा झाला. शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ साली साताऱ्यातच झाला. चढताना एवढं सांगितलं की निम्मा चढ सरतो. उरलेल्या निम्म्यात मुलं आपापसात भांडतात.

आमच्यासाठी हा किल्ला म्हणजे वर्षभराची मोजपट्टी आहे. दसऱ्याला एकदा, रथसप्तमीला एकदा आणि गुढीपाडव्याला एकदा, त्याच वाटेनं चढायचं आणि मध्ये किती वेळा थांबलो ते तक्त्यावर लिहायचं. मिनिटं लिहीत नाही. मिनिटं लिहिली की माणसं पळायला लागतात, घोटा मुरगळतो आणि सगळी पैज पलंगावर जाते. थांबे कमी झाले की समजायचं अंगात काहीतरी बदललं आहे.

वेग कसा ठेवायचा? चढताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे, पण पोवाडा म्हणता येऊ नये. पोवाडा म्हणता येत असेल तर वेग वाढवा. बोलताच येत नसेल तर कठड्याला टेका, मागे वळून शहर बघा, दोन मिनिटं जाऊ द्या.

आणि उतरण्याकडे लक्ष द्या, कारण दुखतं ते उतरताना. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो, पण उतरताना तो ताणला जात असतानाच अंगाचा सगळा भार झेलतो. म्हणून दुसऱ्या दिवशी जिना चढताना काही वाटत नाही, उतरताना मात्र 'आई गं' होतं. पावलं लहान टाका, गुडघा ताठ ठेवू नका, उताराच्या जागी जरा तिरकं चाला. काठी असेल तर उतरताना तिचा खरा उपयोग आहे. आजी जाताना काठी खांद्यावर टाकते आणि येताना टेकते. पोरांना ते उलटं वाटतं, पण बरोबर तीच आहे.

आजी-आबांना डॉक्टरांनी परवानगी दिली आहे का?

हो, विचारूनच. रक्तदाब, साखर किंवा हृदयाचं काही असेल, तर पैज लावण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला, आणि 'चालायचं आहे' असं मोघम सांगू नका. किती चढ, किती वेळ, रिकाम्या पोटी का, गोळी आधी घ्यायची की नंतर, हे सगळं विचारा. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी. छातीत दडपल्यासारखं वाटलं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. 'गॅस असेल' हे वाक्य आमच्या घरात बंद आहे.

आजीची पैज बहुतेक वेळा अंतराची नसते. 'हात न टेकता जमिनीवरून उठायचं' ही तिची गेल्या हिवाळ्याची पैज होती. सुरुवातीला पलंगाचा कठडा धरून, मग मांडीवर हात ठेवून, मग एका हाताच्या बोटांवर. रथसप्तमीच्या सकाळी ती देवघरासमोरून तशीच उठली, निरांजन हातात धरून, आणि आधी निरांजन खाली ठेवलं नाही म्हणून आबा तिच्यावर रागावले. उतारवयात पडण्याची भीती मोठी असते. पायात आणि कमरेत जोर असला तर ती बरीच कमी होते.

उन्हाळ्यात काय? साताऱ्यातसुद्धा ऊन लागतंच की.

लागतं. चैत्र-वैशाखात डोंगर बंद, पाणी सुरू. सकाळी साडेसहाच्या आत चालणं उरकायचं आणि दुपारी पत्ते, कॅरम, सापशिडी, आंब्याची रास.

सुट्टीतली मोठी पैज पोहण्याची. पूर्वी पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलायचे आणि पोरं आठवड्यात शिकायची. पाठीचा डबा मला आजही आवडतो, ढकलणं आवडत नाही. आमच्याकडे मुलं जलतरण तलावातच शिकली, प्रशिक्षकाच्या नजरेखाली. गावाकडच्या विहिरीत उतरायचं ते पोहणारा मोठा माणूस आधी पाण्यात असेल तरच. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला फिरायला जरूर जा, देवळं आणि घाट बघण्यासारखे आहेत, पण अनोळखी डोहात पोरांना सोडू नका. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली खड्डे आणि गाळ असतो. पट्टीचा पोहणाराही तिथे फसतो.

लिंब गावची बारा मोटेची विहीर मुलांना दाखवा. तिथे पोहायचं नाही, बघायचं. विहिरीतच महाल आहे म्हटल्यावर पोरं भर उन्हात कुरकुर न करता येतात, आणि आत उतरलं की गारवा असतो.

पावसाळ्यात घरात बसता?

बसून कसं चालेल, चार महिने पाऊस असतो. पण डोंगर चढायचे नाहीत म्हणजे नाहीत. ओला कातळ, शेवाळ, घाटात दरडी, धबधब्याला अचानक वाढणारं पाणी. ठोसेघरचा धबधबा आम्ही कठड्याच्या आतून बघतो आणि गरम कणीस खाऊन परत येतो. कठडा ओलांडून फोटो काढणारी माणसं बघितली की माझा आवाज आपोआप वाढतो, आणि मग मुलांना माझी लाज वाटते. वाटू दे.

सज्जनगड पावसाळ्यात सुंदर दिसतो. गाडीतळापासून पायऱ्या आहेत, म्हणून वयस्कर माणसांनाही हळूहळू जमतो. समर्थांची समाधी, धुकं आणि दुपारचा प्रसाद. पावसातली तेवढी सहल पुरे.

आषाढी वारीचं सांगायलाच हवं. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून आपल्या जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण करत पुढे जाते. लोणंद ते तरडगाव हा टप्पा छोटा आहे आणि वाटेत चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण होतं. ज्यांना वर्षभर चालण्याचा कंटाळा आला आहे त्यांनी तेवढाच टप्पा चालून बघावा. टाळ-मृदंगाच्या मागे चालताना पाय आपले राहत नाहीत. आमच्या मोठ्याला इतर वेळी भाजी आणायला कोपऱ्यावर पाठवलं तर दम लागतो.

श्रावणात शनिवारी जरंडेश्वराला गर्दी असते. मारुतीचा डोंगर, भाविक पहाटेच निघतात. पाऊस उघडा असेल तरच आम्ही जातो.

बाकी दिवस घरातच: जिना, दोरीवरच्या उड्या (खालच्या मजल्यावरच्यांना विचारून), बैठका, भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसणं. शेवटच्या खेळात धाकटी आख्ख्या घराला हरवते, कारण तिचं वजन कमी. तिला हे अजून कळलेलं नाही.

कासच्या पठारावर कधी जावं? आम्ही गेलो तेव्हा फुलंच नव्हती.

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न. ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलांचा काळ, पण तारीख पावसावर ठरते, रजेच्या अर्जावर नाही. पाऊस लांबला तर बहर लांबतो, उघडीप मिळाली की दोन-चार दिवसांत रंग बदलतो. एकच एक जातीचा गालिचा सगळे दिवस नसतो. तेरडा गुलाबी करतो, सोनकी पिवळी करते, गेंद पांढरा शिडकावा करतो, सीतेची आसवं निळी-जांभळी. ज्याला 'काहीच नव्हतं' म्हणतात, त्या दिवशीसुद्धा पायाशी बसून बघितलं तर दहा-बारा प्रकार सापडतात.

हे पठार जांभ्या खडकाचं आहे, वर मातीचा थर अगदी पातळ. पावसाळ्यात पाणी साचतं आणि माती निकस, त्यामुळे मोठी झाडं वाढत नाहीत, छोट्या फुलांना मोकळं रान मिळतं. मातीतून पोषण पुरत नाही म्हणून दवबिंदू आणि सीतेची आसवं चक्क किडे पकडून खातात. मुलांना हे सांगितलं की फुलांविषयीचं मत एकदम बदलतं. वायतुरा नावाच्या वनस्पतीच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. टोपली कारवी दर वर्षी फुलत नाही, काही वर्षांनी एकदाच, आणि फुलते तेव्हा उतार जांभळे होतात. कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाच्या इतर ठिकाणांसह जागतिक वारशाच्या यादीत गेलं. आपल्या भागातली कोयना आणि चांदोली याच यादीत आहेत.

आता कामाचं. हंगामात प्रवेशशुल्क असतं, शनिवार-रविवारी नोंदणी आधी करून जा, शक्यतो कामाच्या दिवशी आणि सकाळी लवकर पोचा. पाऊस-धुक्याची तयारी ठेवा. मळलेली वाट सोडू नका. एका पावलाखाली किती रोपं जातात ते वाकून बघितल्यावर समजतं. आमची कासची पैज पायांची नसते, डोळ्यांची असते: कुणाला किती फुलं ओळखता आली. पठारावर धावायचं नाही, पळायचं नाही. कुमुदिनी तळ्याकडे जाणाऱ्या वाटेनं हळू चालत जा आणि तसेच परत या. तळं फुललेलं असलं तर नशीब.

हिल मॅरेथॉनमध्ये तुमच्यापैकी कोण धावतं?

मुलांचे बाबा. सातारा हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वरच्या घाटातून वर जाते आणि परत येते, अंतर २१ किलोमीटरच्या थोडं वर. याच स्पर्धेनं २०१५ साली एका डोंगरावर एकाच वेळी सर्वाधिक धावपटूंचा गिनीज विक्रम केला. ज्याला फक्त सपाट रस्त्यावर पळायची सवय आहे, त्यानं या घाटाला कमी लेखू नये. निम्मी शर्यत चढ आणि निम्मी उतार, म्हणजे गुडघे आणि छाती दोन्हींची परीक्षा.

निदान चार-पाच महिने आधीपासून तयारी करा, आठवड्यातून एकदा घाटात जा, आणि आठवड्याचं अंतर एकदम वाढवू नका, दहा टक्क्यांच्या आसपास ठेवा. शर्यतीच्या सकाळी नवे बूट घालू नका.

जे धावत नाहीत त्यांच्यासाठी रस्त्याच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवणं हाही एक कार्यक्रम आहे. पोरं थाळ्या घेऊन जातात. अनोळखी माणूस चढावर वाकलेला असताना 'चला काका, आलाच माथा' असं आठ वर्षांच्या पोरीनं ओरडलं की काका खरंच सरळ होतो.

मुलांना मोबाईलपासून कसं उठवता?

रागावून नाही जमत. आम्ही सोबतीला कुणीतरी देतो. मुलगा एकटा चालायला जात नाही, पण शेजारचा मित्र फाटकाशी उभा असला तर चप्पल शोधायलाही थांबत नाही.

शिवाय गोष्टी लागतात, आणि त्या जिल्ह्यातल्याच असल्या तर जास्त लागू पडतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्य घेऊन आले, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये तिरंदाजीत जगज्जेती झाली, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. आमची धाकटी त्यानंतर काही दिवस केरसुणीच्या काड्यांचे बाण करत होती. केरसुणी नवी आणावी लागली.

दिवाळीत तरी सुट्टी असते का?

दिवाळीत किल्ला असतो. दसऱ्यानंतरच्या सहलीत जो किल्ला बघितला तोच अंगणात बांधायचा, हा नियम. त्यामुळे मुलं वर गेल्यावर दरवाजाचं तोंड कुठे आहे, पाण्याचं टाकं कुठल्या बाजूला, तट कुठे पडला आहे, हे सगळं नीट बघतात. कल्याणगड, वैराटगड, पांडवगड असे आडवाटेचे किल्ले यासाठी छान, आणि प्रतापगड तर आहेच.

माती ओढून आणणं, दगड रचणं, पोत्यावर चिखल थापणं यात जो व्यायाम होतो तो कुणी तक्त्यावर लिहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी हात वर होत नाहीत. मोहरी आणि अळीव चार-पाच दिवस आधी पेरा. वसुबारसेपर्यंत उतारांवर हिरवळ येते. महाराजांना सिंहासनावर बसवण्याचा मान आमच्याकडे आजोबांचा. तोफेला दोरा बांधायचा की फटाका लावायचा यावर दर वर्षी वाद होतो.

वासोट्याला मुलांना नेता येईल?

दहा-बारा वर्षांपुढच्या, चालायची सवय असलेल्या मुलांना, हो. बामणोलीला जायचं, कोयनेच्या शिवसागर जलाशयातून बोटीनं पलीकडे, वनखात्याची नोंद, मग दाट जंगलातून चढ. पावसाळ्यात बंद असतो. मुक्काम करता येत नाही, उजेड असतानाच परतावं लागतं, म्हणून सकाळी उशिरा निघणाऱ्यांनी दुसरं ठिकाण निवडा. प्लास्टिक जेवढं नेलं तेवढं परत आणावं लागतं, मोजून.

हंगामाच्या सुरुवातीला जळवा असतात. पायमोजे पँटवरून वर ओढा, मीठ जवळ ठेवा, ओढून काढू नका. आणि कुठल्याही किल्ल्यावर आग्या मोहोळ दिसलं तर आवाज नाही, धूर नाही, दगड तर अजिबात नाही. उग्र अत्तर लावून जाऊ नका. वासोट्यावरच्या बाबू कड्याच्या टोकाशी मुलांचा हात सोडू नका, मुलगा कितीही मोठा झाला असं म्हणत असला तरी.

बरोबर खायला काय?

ज्वारीची भाकरी, झुणका, ठेचा, कांदा. गूळ-शेंगदाणे आणि राजगिऱ्याचा लाडू खिशात. उन्हात ताक किंवा मीठ-साखर घातलेलं लिंबाचं पाणी. घरी आल्यावर कोरेगावच्या वाघ्या घेवड्याची आमटी आणि भात, दमलेल्या अंगाला त्याइतकं काही नाही. कंदी पेढा खायचा तो पैज पुरी झाल्यावर. आबा आधीच खातात.

खर्च किती?

बुटांवर करा, बाकीचं घरात असतं. पकड चांगली, बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा, दुकानात संध्याकाळी जाऊन घ्या कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. महागडं घड्याळ नको. आमच्या तक्त्याला जुन्या कॅलेंडरची मागची बाजू पुरते.

आम्ही सांगलीत, सपाटीवर. आम्ही काय करायचं?

हा प्रश्न माझ्या भावाचा, आणि दर भाऊबीजेला येतो. दादा, मिरजेच्या पुढे दंडोबाचा डोंगर आहे. झाडी आहे, देऊळ आहे, चढ बेताचा आहे. सागरेश्वर अभयारण्यात हरणं आहेत आणि मुलांना टेकडी चढायला निमित्त मिळतं. शेजारीच देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. रोजच्यासाठी कृष्णेचा घाट आणि आयर्विन पूल आहेतच. तालमींच्या गावात राहून बैठकांना जागा नाही असं म्हणू नकोस. आणि येताना भडंग आण.

परीक्षा, आजारपण, पाहुणे आले तर पैज मोडते का?

नाही, थांबते. तक्त्यावर त्या दिवशी आडवी रेघ मारायची आणि बरं वाटलं की पुढे. ताप असताना कुणी नमस्कार घालायचे नाहीत. तापानंतर पहिला आठवडा निम्म्या आकड्यावर. पाहुणे आले तर त्यांनाही किल्ल्यावर न्यायचं. काही पाहुणे त्यानंतर फोन करून येतात.

आम्ही आलो तर सामील होता येईल का?

या की. आदल्या रात्री आठच्या आत कळवा म्हणजे भाकऱ्यांचा अंदाज येतो. बूट घालून या, चपला नकोत, पाण्याची बाटली आपली आपण. निघायची वेळ सहा, म्हणजे सहा. कुणी लोळत राहिलं तर आम्ही थांबत नाही. त्यांनी गाडीनं दरवाजापर्यंत यावं, आजी तिथे कट्ट्यावर बसलेली असते.